उजवीकडची पहिली पेटी

आमच्या घरात पतंगांच्या पेट्या होत्या आणि त्यांतली जी पेटी जवळजवळ रिकामी होती, तिलाच आप्पा सगळ्यांत जास्त जपत. पतंग म्हणजे दिव्यावर येणारे, उडवायचे नव्हेत. पेट्या एकूण किती होत्या ते आज मला नक्की आठवत नाही, म्हणून आकडा सांगत नाही. माझी सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. अंदाजाला आकडा म्हणायची सवय मला लागली नाही. एवढं खरं की बाहेरच्या खोलीत एक लांब फळी होती आणि तिच्यावर, पुस्तकं लावावीत तशा, काचेच्या झाकणाच्या चपट्या पेट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या तळाला जोंधळ्याच्या धांड्यातला पांढरा भेंड कापून बसवलेला असे. त्यात टाचणी अलगद रुतते. धांडी सोलून भेंड काढण्याचं काम माझं होतं. उरलेल्या साली आत्याबाई चुलीला लावत आणि म्हणत, "किड्यांना गाद्या झाल्या, आता माणसांच्या भाकरीचं बघा."

घर पैठण गेटच्या आत होतं, भाड्याचं. आई मला आठवते तेवढी फार थोडी. तिच्यानंतर आप्पांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, आमच्याकडे राहायला आल्या त्या कायमच्या. शेजारी हिमरूचं कापड विणणारे होते. त्यांच्या मागाचा आवाज दिवसभर भिंतीतून येई आणि जुम्म्याला बंद पडला की घर एकदम मोठं वाटे. आमच्या घराचे वास दोन होते. एक डांबरगोळ्यांचा, जो पेट्यांतून येई, आणि दुसरा येसराच्या आमटीचा. आत्याबाई येसराचं धान्य आणि मसाला घरीच भाजत आणि भाजताना कुणालाही न उद्देशून बोलत राहत. आप्पा मितभाषी. शाळेतून आले, कोट खुंटीला लावला, हातपाय धुतले की ते एक पेटी काढून कंदिलाजवळ बसत. मी समोर बसे. जेवणही तिथंच व्हायचं. आत्याबाई ताटं आणून ठेवत आणि पेटीकडे बघून नाक मुरडत. दिवसभरात आप्पा माझ्याशी जे काही बोलत ते या वेळात, आणि ते बहुतेक पतंगांबद्दल असे. मला त्याची तक्रार नव्हती. दुसऱ्या कशाबद्दल बोलायला त्यांना जमत नव्हतं, हे मला फार लवकर कळलं होतं.

हा संग्रह आप्पांचा एकट्याचा नव्हता. त्यांचे मित्र मुनीर मास्तर, ज्यांना मी मुनीरचाचा म्हणायची, त्यांचा निम्मा. दोघं हैदराबादेत एकत्र शिकले होते, उर्दूतून, आणि इथल्या एकाच शाळेत विज्ञान शिकवत होते, तेही उर्दूतून. सुट्टीत दोघं सायकलवर चितेगावच्या पुढं नाहीतर म्हैसमाळला जात. आप्पा पकडण्यात तरबेज आणि मुनीरचाचा मांडण्यात. प्रत्येक टाचणीखाली मुंगीएवढ्या अक्षरात उर्दू चिठ्ठी त्यांच्या हातची. मांडणीचा त्यांचा नियम असा, की सगळ्यांत प्राचीन घडणीचे पतंग आधी आणि नंतर जसजशी घडण बदलत गेली तसतसे पुढचे. आणि जे अजून सापडले नाहीत त्यांचीही जागा आधीच सोडायची. टाचणी लावायची, खाली चिठ्ठी लावायची, वर पतंग नाही. "जगह पहले, मेहमान बाद में," असं ते म्हणत. त्यामुळे प्राचीन पतंगांची पहिली पेटी नुसत्या टाचण्यांनी भरलेली होती. तसले पतंग आमच्या कोरड्या मुलखात मिळतातच कुठं?

त्या पहिल्या पेटीतले धडे मी शाळेतल्या धड्यांहून चांगले शिकले. पतंग फुलातला रस सोंडेनं पितात, हे कुणालाही ठाऊक असतं. पण सगळ्यांत जुन्या घडणीच्या पतंगांना सोंडच नाही. त्यांना किड्यांसारखे जबडे असतात आणि ते परागकण चक्क चावून खातात. गव्हाच्या दाण्याएवढा जीव, सोनेरी झाक असलेला, थंड ओल्या डोंगरांत राहणारा. त्यांना पतंग म्हणावं की निराळं काही, यावर विद्वानांत वाद होता आणि आप्पा तो वाद घरच्या भानगडीसारखा गंभीरपणे सांगत. दुसरी खूण पंखांची. जुन्या घडणीत पुढचा आणि मागचा पंख एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, शिरा दोन्हींत सारख्या. पुढं आलेल्या पतंगांत मागच्या पंखातल्या शिरा कमी होतात. उडताना दोन पंख एकमेकांना धरून ठेवावे लागतात. जुन्यांत त्यासाठी पुढच्या पंखाच्या मुळाशी बोटासारखा छोटा लोळा असतो. नव्यांत मागच्या पंखावरचा राठ केस पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो. एवढ्या खुणांवर सगळ्या पतंगांचे दोन भाग पडत.

आता तसे पाडत नाहीत. माझ्या मुलानं ग्रंथालयातून आणून दिलेल्या एका पुस्तकात मी अलीकडे वाचलं, की 'जुने' म्हणून ज्यांना एका गटात ठेवलं होतं ते एकमेकांचे जवळचे नव्हतेच. बाकीच्यांकडे जे आलं ते यांच्याकडे आलं नाही, एवढ्यावरून त्यांना एकत्र बसवलं होतं. वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. पोलीस ॲक्शननंतरचा आमचा वर्ग मला आठवला. उर्दू शाळांतून आलेल्या आम्हा चारदोन मुलींना मागच्या एका बाकावर बसवलं होतं. आमच्यात दुसरं काही सारखं नव्हतं.

पोलीस ॲक्शननंतर शहरात काय काय झालं ते मोठ्या माणसांनी लिहिलं आहे. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच, की शाळा मराठी झाली आणि सकीना गेली. सकीना ही मुनीरचाचांची मुलगी, माझ्याच वयाची. आधी ते हैदराबादला गेले, मग तिथूनही पुढं. जाताना मुनीरचाचांनी पेट्यांना हात लावला नाही. फक्त एक जाडसर ओली फांदी आणून दिली. पश्चिमेच्या घाटातल्या जंगलातून ती त्यांनी कुणाकडून तरी मागवली होती. तिच्यात एक भोक होतं आणि भोकावर लाकडाच्या भुशाचं, रेशमानं शिवल्यासारखं झाकण. आत अळी होती. "पहिल्या पेटीतला निघेल," ते आप्पांना म्हणाले. पतंग निघाला की आम्ही दोघींनी मिळून बघायचा, असं माझं आणि सकीनाचं ठरलं होतं. ते गेले त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी, अंधार पडता पडता तो निघाला. मातकट, लांबोडका, पंख छपरासारखे मिटून फांदीला लटकलेला. मी धावत जाऊन साखरेचं पाणी वाटीत आणलं. तो हलला नाही.

"ठेव ती वाटी," आप्पा म्हणाले. "त्याला खायला तोंड नाही. जे खायचं ते अळी असताना खाऊन झालं."

"मग आता काय करणार तो?"

"उडेल. दुसरा शोधेल."

घरात दुसरा नव्हता. तो मेल्यावर आप्पांनी त्याला पहिल्या पेटीत बसवलं. आणि मग त्यांनी जे केलं ते करायला त्यांना किती अवघड गेलं असेल हे मला आज कळतं. तो एकच होता, तरी त्याच्या एका बाजूचे दोन्ही पंख त्यांनी मुळाशी मोकळे केले. शिरा बघायच्या तर पंखावरची पूड काढावी लागते. पंख स्पिरिटमध्ये भिजवायचा, रंग उडवणाऱ्या पाण्यात घालायचा आणि बारीक ब्रशनं एका दिशेनं झाडत राहायचं. मातकट रंग निघून गेला आणि खाली स्वच्छ काचेसारखा पडदा राहिला, त्यावर शिरांचं जाळं. भिंग माझ्या हाती देऊन आप्पा म्हणाले, "मोज." मी पुढच्या पंखाच्या मोजल्या, मग मागच्याच्या, आणि फाटे फुटायच्या जागाही ताडून बघितल्या. दोन्ही बाजू जुळल्या. हिशेब जुळल्याचं समाधान मला पुढं आयुष्यभर मिळत राहिलं, पण त्याची पहिली चव ही. शाळेत माझ्या 'व्हय' आणि 'लई'ला पुण्याकडून बदलून आलेल्या साहेबांच्या मुली हसत. मधल्या सुट्टीत मी डबा एकटी खाई. संध्याकाळी आप्पांसमोर भिंग धरून बसले की ते सगळं मागं पडे. दिवसाचा तेवढाच भाग माझा होता.

मग बदलीची बातमी आली. उर्दूतून शिकवणाऱ्या मास्तरांची शहरातल्या शाळांना गरज उरली नव्हती. त्यांना तालुक्याच्या गावी पाठवत होते. आप्पांना जे गाव मिळणार होतं तिथं मुलींना सातवीच्या पुढं शाळा नव्हती. ठरलं ते असं: आप्पा आणि आत्याबाई तिकडं, मी जालन्याला मामांकडे. मामा वाईट नव्हते. पण त्या घरात मुलं फार होती आणि मला विचारून कुणी काही करत नसे. त्यातून सुटायची एकच वाट होती. नव्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं खातं उघडत होतं आणि प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता. पुण्याकडचे प्रोफेसर गद्रे त्या खात्याचे प्रमुख. कुणीतरी आप्पांचं नाव सुचवलं आणि गद्रेसरांनी निरोप पाठवला, की रविवारी दुपारी येऊन संग्रह बघतो. संग्रह पसंत पडला तर आम्ही इथंच राहणार होतो, नाहीतर मी जालन्याला.

गद्रेसर आले. बारीक, स्वच्छ, पांढरी टोपी, बोलणं नीट तासलेलं. आत्याबाईंनी चहाचं आधण ठेवलं होतं, शेव तळली होती. इथं आप्पांची एक रीत सांगायला हवी. ती आमच्या शहरातल्या जुन्या लोकांत सगळीकडेच होती. घरी आलेल्या माणसाचं म्हणणं खोडायचं नाही. तो काहीही म्हणाला तरी आधी "बजा आहे," म्हणजे आपलं बरोबर आहे, असं म्हणायचं. मग चहा होतो, पान होतं, आणि त्यानंतर यजमान हळूच, "एक अर्ज आहे," म्हणून आपलं खरं मत सांगतो. मुनीरचाचा आणि आप्पांचे तर मोठमोठे वाद अशाच रीतीनं होत. पाहुण्यालाही ते ठाऊक असे, म्हणून चहाआधीच्या 'बजा आहे'ला कुणी धरून बसत नसे.

गद्रेसर फळीच्या डाव्या टोकाला उभे राहिले आणि त्यांनी त्या टोकाची पेटी काढली.

"वा, देखणे आहेत," ते म्हणाले. ठिपक्यांचे, लाल पोटांचे, ठळक पतंग होते ते. "पण मास्तर, सुरुवात यांच्यापासून?"

"बजा आहे," आप्पा म्हणाले.

मी तबक घेऊन आतल्या दारात उभी होते. गद्रेसर काय करताहेत हे माझ्या लक्षात आलं. उर्दू उजवीकडून लिहितात, उजवीकडून वाचतात. मुनीरचाचांनी पेट्याही तशाच लावल्या होत्या, उजवीकडून डावीकडे. आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. गद्रेसर सगळ्यांत शेवटच्या पेटीपासून मागं मागं येत होते, आणि चिठ्ठ्या त्यांना वाचता येत नव्हत्या. जसजसे उजवीकडे आले तसतसे पतंग बारीक, मळकट आणि थोडे होत गेले. टोकाची पेटी त्यांनी फळीवरच थोडी तिरकी करून बघितली आणि परत सरळ केली.

"इथं उत्साह संपलेला दिसतो. नुसत्या टाचण्याच आहेत," ते म्हणाले. "आणि तो एक आदिम पतंग, तो सगळ्यांच्या शेवटी? असे गट आधी घेतात, मास्तर. तुम्ही मुलांना रंगीत आवडतात म्हणून ते आधी मांडलेत बहुतेक."

"आपलं म्हणणं बजा आहे," आप्पा म्हणाले. "चहा घ्यावा."

"नको, मी चहा घेत नाही."

"मग दूध?"

"मी बाहेर काहीच घेत नाही. पथ्य आहे."

मी तबक घेऊन तशीच आत वळले. आत्याबाई कुजबुजल्या, "काय म्हनतोय गं?"

"चहा घेत नाहीत म्हणे."

"घेत नाय? मग आला कशाला?"

मला हसू आलं नाही. चहा होणार नव्हता, म्हणजे आप्पांची बोलायची वेळ येणारच नव्हती. मी दारातून पाहिलं. आप्पा हात मागं बांधून उभे होते, चेहरा शांत, जसं काही अजून पुष्कळ दुपार शिल्लक आहे. गद्रेसर म्हणत होते, "मेहनत आहे तुमची, नाही असं नाही. पण कॉलेजच्या कामाला शास्त्रीय दृष्टी लागते. बरं, निघतो." आणि ते पायात वहाणा घालायला लागले.

"सर, तुम्ही उलटं बघितलंत," मी म्हणाले.

"शकू, आत जा." आप्पांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"थांबा, थांबा," गद्रेसर म्हणाले. "काय म्हणालीस?"

"ती शेवटची नाय. पयली हाय." शाळेत ज्याला हसत तेच तोंडातून बाहेर पडलं. मला थांबता येईना. "उजवीकडनं सुरू व्हतं. चिठ्ठ्या बघा ना, उर्दू हायेत. रिकाम्या टाचण्या म्हणजे संपलेलं नाय. ते पतंग इकडं मिळत नाहीत. मिळाले की बसवायचे म्हणून जागा सोडलीय."

गद्रेसरांनी वहाणा काढून ठेवल्या. उजव्या टोकाची पेटी या खेपेला दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी नेली. मी फळीवरचं भिंग त्यांच्यापुढं धरलं आणि मोकळ्या केलेल्या दोन पंखांकडे बोट दाखवलं.

"मोजा," मी म्हणाले.

"मोजू?" त्यांना हसू आलं. पण त्यांनी मोजल्या, खाली वाकून, ओठ हलवत. मग त्यांनी डोकं वर केलं. "मास्तर, हा लोळा इतका शाबूत ठेवून पंख साफ केलात? एकच नमुना असताना?" आणि लगेच कपाळावर हात मारला. "अहो, मी सगळी पोथी मागून पुढं वाचली! आणि तुम्ही बजा आहे, बजा आहे म्हणत उभे! बोलला का नाहीत?"

"आपण पाहुणे," आप्पा म्हणाले. "चहानंतर बोललो असतो."

"पण मी चहा घेतच नाही!"

गद्रेसर मोठ्यानं हसले आणि पुन्हा उजवीकडून सुरुवात करून दिवेलागणीपर्यंत थांबले. एकेका पेटीवर त्यांनी आप्पांना बोलतं केलं. मी आत बसून ऐकत होते. आप्पा इतकं बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं. निघताना गद्रेसर म्हणाले, "पेट्या कॉलेजात आणू. मांडणी मात्र डावीकडून करावी लागेल आणि नावं लॅटिनमध्ये. मुलांना वाचता आली पाहिजेत." त्यात गैर काही नव्हतं.

त्या संध्याकाळी पेटी निघाली नाही. जेवताना आप्पा म्हणाले, "ते पाहुणे होते, शकू."

"पण आप्पा, जावं लागलं असतं ना आपल्याला."

"गेलो असतो," आप्पा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

आत्याबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला आणखी आमटी वाढली. जालन्याला कोण जाणार होतं हे आप्पांच्या लक्षात होतं की नव्हतं, हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. कदाचित होतं. त्यांच्या हिशेबात पाहुण्याला खोटं पाडणं ही गोष्टच कुठल्या रकान्यात बसत नसेल, मग तिच्यापुढं काय मांडून बघायचं? मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढं आले आहे आणि माझी मुलं घर सोडून गेली आहेत. तरी 'गेलो असतो' हे दोन शब्द मला अजून सरळ वाचता येत नाहीत.

कॉलेजचा हुकूम आला. बदली रद्द झाली. आत्याबाईंनी हिमरूवाल्यांच्या घरापर्यंत साखर वाटली. एका सकाळी हातगाडी आली आणि आप्पांनी पेट्या एकेक करून स्वतः उचलून तिच्यावर ठेवल्या, मध्ये मध्ये जुन्या सतरंज्या घालून. गाडी शहागंजच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात होते. फळी रिकामी राहिली. दोन दिवसांत आत्याबाईंनी तिच्यावर पिठाचे आणि डाळींचे डबे मांडले, आणि सगळं एका जागी आलं म्हणून त्या खूश होत्या. मीही खूश होते. शाळा तीच, घर तेच, आप्पा इथंच. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि ते मीच मिळवलं होतं.

कामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी कंदील पुसून बाहेरच्या खोलीत नेहमीच्या जागी ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, "जेव गं, शके." मी म्हणाले, आप्पा येऊ देत. शेजारचा माग बंद झाला. गल्लीतल्या बायका दारातून आत गेल्या. आत्याबाईंनी आमटी एकदा गरम केली, मग पुन्हा केली आणि शेवटी आपलं पान वाढून घेतलं. आप्पा आले तेव्हा त्यांच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता. एक पेटी उलटी लावून झाली, असं त्यांनी सांगितलं. चिठ्ठ्या काढून नव्या लिहायच्या, टाचण्या हलवायच्या, घाई करून चालत नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू जेवली नाहीस अजून? माझी वाट बघत जाऊ नकोस, बेटा. तिथं आता रोजच असं होणार."

आम्ही जेवलो. ते दमले होते, हात धुऊन लगेच आडवे झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याबाईंनी हाक मारली तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्यासोबत चुलीपाशी जेवायला बसले. पुढं मॅट्रिक होईपर्यंत तिथंच जेवले.